एजंटच्या हाती टूल्स देण्याआधी

सोमवारी एआय एजंट, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर स्वतः चालवणारं भाषा-मॉडेल, जोडायचं ठरलंय, तर शुक्रवारपर्यंत आपल्या टूल्सचं, म्हणजे तो हाकारणार त्या एकेका कामाचं, लिखाण हातावेगळं व्हायला हवं. आपलं सॉफ्टवेअर पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या आडत्यांसाठी आहे: आवक, विक्री, शिल्लक, हिशोबपट्टी. आजवर ते माणसं वापरत होती आणि अडलं की फोन करत होती. एजंट फोन करत नाही. जे लिहिलेलं नाही ते तो अंदाजाने भरतो, आणि वर ठामपणे सांगतो.

आधी नावं बघा. 'डेटा आणा' आणि 'डेटा आणा नवीन' अशी दोन टूल्स अजून तशीच आहेत. (कुणी लिहिली हे विचारू नका, मीच.) एकाला 'शिल्लक पाहा' म्हणा, दुसऱ्याला 'दिवसाची विक्री पाहा'. आपण मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल वापरतोय, म्हणजे मॉडेलला टूल्स जोडायची ठरलेली पद्धत, अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केलेला. त्यात टूल निवडताना मॉडेलपुढे मुख्यतः नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कुठला रकाना, त्यात काय भरायचं याचा आराखडा) असतो. आतला कोड त्याला दिसत नाही. म्हणून वर्णनात टूल काय करतं हे लिहाच, पण कधी वापरू नये आणि तेव्हा कुठलं वापरावं हेही लिहा. हे दुसरं वाक्य सगळेच गाळतात.

मग एकेक रकाना घ्या. सगळ्यात जास्त वेळ इथे जाणार आहे. स्कीमात 'संख्या: पूर्णांक' एवढंच लिहिलंय. चाचणीत मी एजंटला म्हटलं, 'दहा पेटी हापूस विक्रीला टाक', तर त्याने दहा डझन टाकले. चूक त्याची नाही. संख्या डझनात धरायची हे फक्त आपल्या डोक्यात होतं, आणि एका पेटीत किती डझन हे पेटीगणिक बदलतं. आता रकान्याचं नावच 'संख्या डझनात' करा, आणि 'पेटीतले डझन माहीत नसतील तर विचार, गृहीत धरू नकोस' असं वर्णनात घाला. भाव किलोचा की क्विंटलचा, हेही तसंच. मोजकेच पर्याय चालत असतील तर ते स्कीमातच बांधून टाका.

तारखांचं तर विचारूच नका. 05/04 म्हणजे आपल्याला 5 एप्रिल, पण मॉडेल ते 4 मेही वाचू शकतं. 2025-04-05 असाच साचा सक्तीचा ठेवा. त्यात आपली मराठी. शेठ विचारणार, 'परवा किती माल गेला?' आणि लगेच, 'परवा किती येणार?' शब्द एकच, दिवस चार दिवसांच्या अंतराने. 'गेला' म्हणजे विकला गेला, हरवला नाही, हेही एका ओळीत सांगून ठेवा. अडीच हजार, पावणेदोनशे असे आकडे त्याला कळतात का ते चाचणीत बघा. आणि कुठली तारीख धरली ते उत्तरात म्हणायला लावा, म्हणजे चूक शेठच्याच लक्षात येईल.

एररचे मेसेज एजंटसाठीही असतात. 'अवैध विनंती' वाचून तो तीच विनंती पुन्हा पाठवतो. 'हा शेतकरी क्रमांक सापडला नाही, आधी नावाने शोध' वाचून तो शोधतो. रिकामी यादी म्हणजे माल नाही की सर्व्हर बंद, हा फरक उत्तरात स्पष्ट दिसू द्या. लांबलचक याद्या पानं पाडून द्या.

'पट्टी बनवा' या टूलपाशी मात्र थांबा. उत्तर यायला उशीर झाला की एजंट पुन्हा हाक मारतो, आणि एका शेतकऱ्याला दोन हिशोबपट्ट्या जातात. 'बेल एकदाच वाजवा' अशी पाटी आपल्या गावात उगाच लागत नाही. पण नुसती पाटी पुरत नाही: प्रत्येक विनंतीला वेगळा क्रमांक द्या आणि तोच क्रमांक परत आला तर जुनी पट्टीच परत द्या. प्रोटोकॉलमध्ये 'फक्त वाचतं', 'नासधूस करू शकतं' अशा खुणा लावता येतात, त्या लावा. पण त्या खुणाच आहेत, कुलूप नव्हे. परवानगी कोडमध्ये तपासा, आणि पट्टी निघण्याआधी माणसाचा होकार घ्या.

कोड बदलला की त्याच कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या त्याच नोंदीत, वर्णनही बदला. यावर वाद नको.

शेवटी आडत्यांनी खरोखर विचारलेले वीसेक प्रश्न गोळा करून एजंटला द्या. उत्तर बरोबर आलं एवढ्यावर खूश होऊ नका, कुठलं टूल कुठल्या आकड्यांनिशी हाकारलं ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, वाचा. आणि एक चाचणी पहाटे चारला घ्या. आपला सर्व्हर यूटीसीवर, जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. यार्डात माल उतरत असतो तेव्हा त्याच्याकडे अजून काल रात्रीचे साडेदहाच वाजलेले असतात, म्हणजे 'आज' विचारलं तर तो कालची तारीख धरतो. दुपारी ऑफिसात बसून केलेल्या चाचणीत ही चूक दिसत नाही. गजर मी लावतो, चहाचं तुम्ही बघा.