शेजाऱ्यांचा दक्षता गट कसा उभारावा

आमच्या शेजारच्या घरात भरदुपारी चोरी झाली, तेव्हा निदान तीन जणांना काही ना काही दिसलं किंवा ऐकू आलं होतं. समोरच्या आजींनी कुलूपबंद घरापुढे एक गाडी बराच वेळ थांबलेली पाहिली होती. वरच्या मजल्यावरच्या मुलाला ठोकाठोकी ऐकू आली, पण कुठेतरी दुरुस्ती चालली असेल असं समजून तो पुन्हा अभ्यासाला लागला. एकाने तर जड पिशवी घेऊन उतरणाऱ्या अनोळखी माणसाला जिन्यात बाजूला होऊन वाट करून दिली. संध्याकाळी सगळे उचकटलेल्या दाराशी जमले आणि मग या तुकड्यांची जुळणी झाली. तोवर चार तास उलटून गेले होते. यात दोष कुणाचाच नव्हता. घरातली माणसं बाहेरगावी गेली आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं, आणि शंका आलीच तर फोन कुणाला करायचा हेही ठरलेलं नव्हतं.

असे तुकडे वेळेत एकत्र यावेत यासाठी आधीच करून ठेवलेली सोय, इतकाच दक्षता गटाचा अर्थ मी घेते. चोर पकडणं हे गटाचं काम नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून चौकशी करणं हेही नाही. १९७९ साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी एक साधी मांडणी केली. गुन्हा घडायला तीन गोष्टी एकाच वेळी एकाच जागी जुळून याव्या लागतात: गुन्हा करायला तयार असलेला माणूस, त्याच्या हाती लागेल असं काहीतरी, आणि राखण करणाऱ्याचा अभाव. पहिल्या गोष्टीवर आपलं काही चालत नाही, दुसरीवर थोडंफार चालतं आणि तिसरी बरीचशी आपल्याच हातात असते. राखण करायला गणवेश लागत नाही. खिडकीशी बसलेल्या आजी लक्ष ठेवून आहेत आणि त्यांना फोन कुणाला करायचा हे माहीत आहे, एवढं असलं तरी राखण होते.

आधी दार ठोठवा, ग्रुप नंतर काढा

बहुतेक लोक सुरुवात व्हॉट्सॲप ग्रुपपासून करतात. मी तसं करू नका असं सांगेन. ज्यांनी एकमेकांचे चेहरे नीट पाहिलेले नाहीत, अशा शंभर जणांच्या ग्रुपमध्ये घबराट पसरायला एक मेसेज पुरतो. त्याऐवजी दोघांनी मिळून आजूबाजूच्या दहा-पंधरा घरी जावं. संध्याकाळी, माणसं घरी असतात त्या वेळी जावं आणि प्रत्येक घरी तीनच प्रश्न विचारावेत. घर साधारण कधी रिकामं असतं? इथे तुम्हाला कोणत्या जागेची किंवा वेळेची भीती वाटते? काही झालं तर तुमच्या घरचं म्हणून कुणाला कळवायचं?

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वहीत जशीच्या तशी उतरवून घ्या. एकाच अंधाऱ्या वळणाचा उल्लेख चार घरांतून आला, तर तुमचं पहिलं काम तुम्हाला मिळालं. भाडेकरूंना कधीही वगळू नका. घरकामाला येणाऱ्या ताई, सफाई कामगार, रात्रपाळी करून पहाटे परतणारे लोक, कुत्र्याला फिरवायला नेणारे लोक यांना रस्त्याची जेवढी माहिती असते, तेवढी घरमालकांना क्वचितच असते. १९९७ साली अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोतल्या ३४३ वस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे लोकांचा एकमेकांवर विश्वास होता आणि गरज पडली तर पुढे व्हायची तयारी होती, तिथे हिंसाचार कमी आढळला. वस्तीतली गरिबी आणि इतर घटक हिशेबात धरूनही हा फरक टिकला. तो विश्वास अशा दारोदारच्या भेटींतून येतो.

पोलिसांना पहिल्या बैठकीलाच बोलवा

पोलीस ठाण्याला न कळवता गट सुरू करू नका. तुमच्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलीस कर्मचाऱ्याला भेटा आणि गेल्या वर्षभरात इथे नेमकं काय घडलं ते विचारा. चोऱ्या दिवसा झाल्या की रात्री? चोर आत कुठून शिरला? दार फोडलं होतं की उघडंच होतं? मनातली भीती आणि प्रत्यक्ष नोंदी यांत पुष्कळदा अंतर असतं. आमच्याकडे सगळे रात्रीच्या गस्तीसाठी आग्रही होते. नोंदी पाहिल्यावर कळलं की बहुतेक घटना सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेतल्या आहेत. आम्ही रात्री जागलो असतो आणि चोर दुपारीच येत राहिले असते.

कोणता क्रमांक केव्हा लावायचा तेही तिथेच ठरवून घ्या. गुन्हा घडत असेल किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, तर थेट आपत्कालीन क्रमांक. नुसती शंका असेल, तर ठाण्याचा साधा क्रमांक. गटाचा एक समन्वयक आणि त्याच्या जोडीला एक उपसमन्वयक नेमा. एकाच माणसावर सगळा भार टाकला, तर तो थकतो आणि त्याच्याबरोबर गटही थांबतो.

ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत शेरीफांच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा पातळीवरच्या पोलीस प्रमुखांच्या, राष्ट्रीय संघटनेने १९७२ साली असा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. ब्रिटनमधला पहिला गट १९८२ साली चेशायरमधल्या मॉलिंग्टन गावात उभा राहिला. दोन्हीकडे सूत्र एकच होतं: नागरिकांनी डोळे-कान उघडे ठेवायचे आणि पुढची कारवाई पोलिसांनी करायची.

काय पाहायचं, कसं सांगायचं

माझ्या मते सगळ्यांत जास्त सराव याचाच हवा. 'एक संशयास्पद माणूस फिरतोय' या मेसेजचा कुणालाच उपयोग होत नाही. त्यापेक्षा हा मेसेज पाहा: 'दुपारी २.१०. मागच्या गल्लीत तिसऱ्या घराच्या फाटकाशी एक जण. वय तिशीच्या आसपास, निळा शर्ट, पांढरे बूट, डाव्या खांद्याला काळी बॅग. दोन घरांच्या दारांच्या मुठी फिरवून पाहिल्या. आता मुख्य रस्त्याकडे चालत गेला. ठाण्याला फोन केला आहे.' यात वेळ, जागा, वर्णन आणि दिशा आहे, पण सगळ्यांत महत्त्वाची आहे ती कृती. तो माणूस कोण वाटला हे सांगायचं नसतं, त्याने काय केलं ते सांगायचं असतं.

वर्णन करताना बुटांकडे आवर्जून बघा. शर्ट काढून बॅगेत टाकता येतो, टोपी फेकून देता येते, पण बूट सहसा कुणी बदलत नाही. उंचीचा अंदाज दाराच्या चौकटीवरून किंवा शेजारी उभ्या गाडीवरून घ्या. गाडीचा नंबर पूर्ण दिसला नाही, तर शेवटचे आकडे, रंग आणि एखादा पोचा किंवा स्टिकर लक्षात ठेवा. हे सगळं लगेच लिहून ठेवा, कारण दहा मिनिटांतच आठवणीत आपल्याच कल्पनेची भर पडायला लागते. पहिल्या बैठकीत याचा खेळ घ्यावा. कुणीतरी दोन मिनिटं खोलीत येऊन जायचं आणि बाकीच्यांनी त्याचं वर्णन लिहायचं. आमच्या बारा जणांनी बारा वेगवेगळ्या रंगांचे शर्ट लिहिले नसले, तरी चार रंग नक्कीच निघाले होते. त्या दिवसापासून सगळे जरा काळजीपूर्वक बोलू लागले.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. माणसाचा पेहराव, रंग, भाषा किंवा गरिबी यांवरून संशय घ्यायचा नाही. हा नियम लेखी हवा आणि मोडणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवायला हवं. २६ फेब्रुवारी २०१२ रोजी फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये दक्षता गटाच्या एका स्वयंसेवकाने ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या निःशस्त्र मुलाबद्दल पोलिसांना फोन केला. त्याच्या मागे जायची गरज नाही, असं फोनवर सांगितलं गेलं होतं. त्यानंतर काही मिनिटांतच झालेल्या झटापटीत स्वयंसेवकाने झाडलेली गोळी लागून त्या मुलाचा मृत्यू झाला. पुढे खटल्यात तो स्वयंसेवक निर्दोष सुटला, पण मुलगा काही परत आला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. दोन्ही ठिकाणी अनोळखी चेहऱ्यालाच पुरावा मानलं गेलं. गट स्थापन करताना या घटना सांगा, हातचं राखू नका. ज्यांना हे ऐकूनही माणसं अडवायचीच आहेत, त्यांना गटात घेऊ नका.

म्हणूनच ग्रुपवर कुणाचाही फोटो 'चोर' म्हणून टाकायचा नाही. बाहेरून आलेला फॉरवर्ड पोलिसांकडून खात्री करून घेतल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. शुभेच्छा, राजकारण आणि जाहिराती यांना तिथे पूर्ण मज्जाव. ग्रुप एरवी शांत असेल, तरच रात्री अडीचला वाजलेला मेसेज कुणीतरी उघडून पाहील.

गस्त घालायचीच असेल तर

अनेक वस्त्यांना गस्तीची गरजच नसते. ठरवलीच, तर कधीही एकट्याने जाऊ नये, दोघांनी किंवा तिघांनी जावं. बरोबर टॉर्च, चार्ज केलेला फोन आणि अंधारात चमकणारं जाकीट असावं. काठी किंवा दुसरं कुठलंही हत्यार नको, कारण हातात काठी असली की ती उगारायचा मोह होतो. निघताना आणि परतल्यावर समन्वयकाला कळवा. रस्ता आणि वेळ रोज थोडी बदलती ठेवा. काही दिसलं, तर लांब उजेडात थांबून फोन करा. पाठलाग करू नका. कुणाला अडवून ठेवण्याबद्दलचा कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे, आणि त्यात चूक झाली तर गुन्हा तुमच्यावरच दाखल होऊ शकतो.

बंद पडलेला दिवा, तुटलेलं फाटक, खिडकी झाकून टाकणारं झुडूप यांची गस्तीत नोंद करा आणि ती कामं करून घ्या. कंटाळवाणी वाटली तरी हीच कामं चोराच्या आड येतात. घर बंद असेल, तेव्हा दाराशी साचणारी पत्रं आणि वर्तमानपत्रं शेजाऱ्याने उचलायची, संध्याकाळी एखादा दिवा लावायचा. गावाला चाललोय हे मात्र ग्रुपवर जाहीर करायचं नाही, दोन विश्वासाच्या शेजाऱ्यांना सांगायचं. सीसीटीव्ही लावलात, तर त्याची नजर सामाईक जागेवर असू द्या, कुणाच्या खिडकीवर नको, आणि चित्रण कोण पाहणार हे आधी ठरवा.

गट टिकवणं

असे गट सहसा अपयशाने बंद पडत नाहीत. काही घडत नाही, म्हणून हळूहळू थंड पडतात. २००८ साली बेनेट, हॉलोवे आणि फॅरिंग्टन या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा असे गट असलेल्या भागांत गुन्हे १६ ते २६ टक्क्यांनी कमी दिसले. पण सगळेच गट यशस्वी ठरले नाहीत, काही ठिकाणी फरकच पडला नव्हता. म्हणून दर तीन महिन्यांनी बैठक घ्या, नोंदवही उघडा आणि काय बदललं ते पाहा.

आणि हो, फोनवरून होणारी फसवणूकही गटाच्या कामात धरा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना अटकेची भीती घालून पैसे उकळणारा चोर जिन्यात दिसत नाही. 'कुणीही घाईने पैसे मागितले, तर आधी शेजारी फोन करायचा' एवढं ठरवलं, तरी त्या घाईत खंड पडतो.

चोरी झालीच तर

त्या शेजारच्या घराची गोष्ट अर्धीच सांगितली होती. पाच आठवड्यांनी तिथे पुन्हा चोरी झाली, त्याच दारातून. एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. इंग्लंडमधल्या रॉचडेल इथल्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात याच गोष्टीवर काम झालं. नाणी टाकून चालणारे गॅस आणि विजेचे मीटर चोर फोडत असत, ते काढले गेले. चोरी झालेल्या घराची दारं-खिडक्या पक्की केली गेली. भोवतीच्या सहा-एक घरांना त्या एका घरावर लक्ष ठेवायला सांगितलं गेलं. पहिल्या पाच महिन्यांतच घरफोड्या आधीच्या ४० टक्क्यांवर आल्या.

तुम्हीही हेच करा. पोलीस येईपर्यंत कशाला हात लावू नका, आत जाऊ नका. कुणीतरी त्या कुटुंबाजवळ बसा. पंचनामा संपला की त्याच दिवशी दार दुरुस्त करून घ्या, चांगल्या कुलपाची वाट पाहायची असेल तर तोवर आतून आडणा लावा. मग भोवतीच्या सहा घरांची यादी करा आणि कोण कुठल्या वेळी त्या दाराकडे पाहील ते वाटून घ्या. आमच्या यादीत सकाळची वेळ अभ्यास करणाऱ्या त्या मुलाची आहे. दुपारची आजींनी स्वतःहून मागून घेतली.