संशोधनाचा निधी वाचवायला लोकप्रतिनिधीकडे जाताना

सरकारी पैशावर चालणाऱ्या एका वैद्यकीय संशोधनात रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा ठेवणं, हे माझं काम होतं. निवृत्त झाल्यापासून रुग्णांच्या नातेवाइकांना घेऊन मी लोकप्रतिनिधींना भेटायला जाते. नवीन माणसं सोबत असली की त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

अर्थसंकल्प मांडून झाल्यावर जाऊ नका. खाती आपापल्या मागण्या त्याच्या कित्येक महिने आधी ठरवतात, खरी वेळ ती. मांडलेला आकडा हलवणं फार जड जातं.

आकडे घरूनच वाचून जा. तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च, तिन्ही बघा. बातमीत झळकते ती तरतूद. कात्री बहुतेकदा वर्षाच्या मध्येच, गाजावाजा न होता लागते आणि ती सुधारित अंदाजात सापडते. महागाईही वजा करा. ‘आम्ही एक रुपयाही कमी केला नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर निधी घटलाय असंच समजा.

आता बोलायचं काय? ‘संशोधन महत्त्वाचं आहे’ एवढंच म्हणालात तर समोरचा मान डोलावेल, चहा पाजेल आणि निरोप देईल. पैसा थांबला तर नेमकं काय मोडेल ते सांगा. रस्त्याचं काम वर्षभर थांबवून पुन्हा सुरू करता येतं. पाठपुरावा तुटला की रुग्ण पत्ते बदलतात, गोठवलेले नमुने वीज आणि देखभालीविना वाया जातात, शिकवून तयार केलेली परिचारिका दुसरी नोकरी धरते. मधली ती वर्षं नंतर कितीही पैसे ओतले तरी भरून निघत नाहीत.

इथे मी फ्रेमिंगहॅमचं उदाहरण देते. अमेरिकेतल्या या गावात 1948 साली 5,209 लोकांच्या हृदयाचा अभ्यास सुरू झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध आज सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यात या अभ्यासाचा वाटा फार मोठा. तरीही 1960च्या दशकाच्या अखेरीस सरकारी निधी बंद व्हायची वेळ आली. या अभ्यासाचे अनेक वर्षं प्रमुख असलेले डॉक्टर थॉमस डॉबर यांनी खासगी देणग्या जमवून अभ्यास जगवला. पुढे सरकारी मदत टिकली आणि 1971पासून त्याच लोकांच्या मुलांचाही अभ्यास सुरू झाला. तेव्हा गाशा गुंडाळला असता तर दोन पिढ्यांची सांगड कुणाला घालता आली असती?

‘कंपन्या करतीलच की’ हा प्रश्न येणारच. त्यावर मद्रासचं उत्तर द्या. क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांसाठीच्या खास रुग्णालयात, ठेवायलाच हवं का, हे तपासणारी चाचणी तिथे 1956 साली सार्वजनिक संस्थांनी सुरू केली. दाटीवाटीच्या घरात राहून औषधं घेणारे रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले. ‘खाट नको, घरी जा’ हे उत्तर विकून कुणाला नफा होणार होता?

दुसरा टोमणा प्रकल्पाच्या नावावर असतो. उन्हाळ्यात जंतू मोजायला पैसे कशाला? (उन्हाळं म्हणजे गरम पाण्याचा झरा, ऋतू नव्हे.) सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांना 1960च्या दशकात अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या अशाच झऱ्यांत एक जीवाणू सापडला. पुढे त्याच्याच एन्झाइमवर पीसीआर तपासणी (डीएनएच्या असंख्य प्रती काढून रोगजंतू ओळखणारी) उभी राहिली. एवढं ऐकलं की हसणं थांबतं, असा माझा अनुभव आहे.

रुग्णाला सोबत न्या, पण दाखवायला म्हणून नको. त्याला स्वतःला बोलायचं असेल तरच. आणि ‘इतक्या वर्षांत औषध निघेल’ असं वचन कुणीही देऊ नये. ते पाळता आलं नाही की पुढच्या वेळी दार उघडत नाही.

कागद एकच, मागणीही एकच ठेवा. ‘या योजनेची तरतूद महागाईइतकी वाढवा’ किंवा ‘मंजूर रक्कम वेळेत सोडा’, यातलं एक काहीतरी. प्रत स्वीय सहायकाला द्या, पुष्कळदा फाइल तोच वाचतो. आठवडाभरात आभाराचं पत्र पाठवा आणि त्यात ठरलेली गोष्ट पुन्हा लिहा. सभागृहात प्रश्न विचारला गेला तर लेखी उत्तर मिळवून वाचा. ‘बाब विचाराधीन आहे’ एवढंच आलं असेल, तर पुढच्या अधिवेशनात निर्णयाची तारीख विचारायला सांगा.