लिव्हरचा पेशंट आणि छातीचा फोटो : या चुका टाळा

धाप लागते, छातीचा फोटो (एक्स-रे) काढतात, उजवीकडे पांढरं दिसतं आणि आपल्याकडे आधी टीबीचं नाव निघतं. मेळघाट-गडचिरोलीकडे टीबी आहेच, त्यामुळे शंका रास्त. पण पेशंटला सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) असेल, तर पोटातलंच पाणी डायफ्रामच्या, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या, बारीक छिद्रांतून छातीत चढतं आणि बहुतेकदा उजवीकडे साचतं. थुंकी न तपासता, छातीतलं पाणी न काढता नुसत्या फोटोवर टीबीच्या गोळ्या सुरू करू नयेत. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं लिव्हरला त्रास देऊ शकतात. आधीच खचलेलं लिव्हर त्यात कोसळू शकतं. सुईने थोडं पाणी काढून प्रथिनं, पेशी आणि एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) बघितलं की बराच उलगडा होतो. ताप असेल, तर ही तपासणी उद्यावर ढकलू नका, त्या पाण्यात संसर्ग झालेला असू शकतो.

फोटोच्या चिठ्ठीवर नुसतं 'धाप' लिहिलेलं असतं. 'सिरॉसिस, पोटात पाणी' हेही लिहून घ्या, वाचणारा वेगळ्या नजरेने बघेल. झोपवून काढलेल्या फोटोत पाणी पाठीकडे पसरतं आणि नुसतं धूसर दिसतं. पेशंट बसू शकत असेल तर बसवूनच काढा, नाहीतर छातीची सोनोग्राफी करा.

पाणी परत परत भरतं म्हणून छातीत नळी टाकून ठेवणं तर टाळाच. प्रथिनं वाहून जातात, संसर्ग होतो, किडनी बसते. मीठ कमी, लघवीच्या गोळ्या आणि गरजेपुरतं सुईने पाणी काढणं, हाच पहिला मार्ग. ठेचा, लोणचं, पापड ताटातून काढायलाच हवेत.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती साफ फोटोची. लिव्हरच्या आजारामुळे होणाऱ्या हेपॅटोपल्मोनरी सिंड्रोममध्ये फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, पुरेसा ऑक्सिजन न घेताच रक्त पुढे जातं, आणि फोटो बहुधा नॉर्मल येतो. उठून बसलं की धाप वाढते, आडवं झालं की बरं वाटतं. हृदयाच्या पेशंटचं सहसा याच्या उलट असतं. ऑक्सिमीटर आधी झोपवून लावा, मग काही मिनिटं बसवून. आकडा घसरला तर 'बबल इको' (बुडबुडे सोडून केलेली हृदयाची सोनोग्राफी) मागा. त्यात हलवून फेसाळलेलं सलाइन शिरेतून देतात. ते बुडबुडे तीन-चार ठोक्यांनंतर हृदयाच्या डाव्या बाजूला दिसले, तर संशय पक्का होत जातो. साध्या इकोत हे कळत नाही, फुफ्फुसातल्या दाबाचा अंदाज मात्र येतो. नागपूर किंवा सेवाग्रामला निघण्याआधी बबल इको होतो का, हे फोनवर विचारून घ्या, आणि जुने सगळे फोटो सोबत न्या.