स्प्रेडशीटमध्ये रोजचा हिशेब: दिसणारा आकडा आणि आतला आकडा

वहीत लिहिलेला आकडा लिहिला तसाच राहतो. स्प्रेडशीटच्या सेलमध्ये, म्हणजे एकेका चौकटीत, मात्र दोन गोष्टी असतात: वर दिसणारा आकडा आणि आत असलेलं सूत्र किंवा मजकूर. नवशिक्यांचे बहुतेक घोटाळे या दोहोंतल्या फरकातून होतात. म्हणून पहिली सवय हीच लावा, की सेलवर क्लिक केलं की नजर वरच्या फॉर्म्युला बारकडे गेली पाहिजे. आत खरं काय आहे ते तिथे कळतं.

एक्सेल, गुगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क या तिन्हींत पुढचं जवळपास सारखंच चालतं. सेलचे पत्ते (आधी उभ्या स्तंभाचं अक्षर, मग आडव्या ओळीचा आकडा) आणि फंक्शनची, म्हणजे तयार सूत्रांची, नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच घ्या.

पहिल्या ओळीत मथळे लिहा: ए१ मध्ये तारीख, बी१ तपशील, सी१ नग, डी१ दर, ई१ रक्कम. एका ओळीत एकच खर्च. मधे शोभेसाठी रिकामी ओळ सोडू नका. तक्ता तिथेच संपला असं प्रोग्रॅम समजतो आणि सॉर्ट करताना, म्हणजे ओळी क्रमाने लावताना, खालच्या ओळी मागे राहतात.

आता सी२ मध्ये ३, डी२ मध्ये ४५ आणि ई२ मध्ये =सी२*डी२ लिहून एंटर दाबा. १३५ येईल. सुरुवातीचं बरोबरचं चिन्ह लिहायचं राहून गेलं तर सूत्र नुसता मजकूर म्हणून पडून राहतं. गुणाकाराला तारा, भागाकाराला तिरकी रेघ. कंस विसरू नका: =१०+२०/२ चं उत्तर २० येतं, =(१०+२०)/२ चं १५.

हे सूत्र प्रत्येक ओळीत पुन्हा लिहायचं नसतं. ई२ च्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला बारीक चौकोन धरून खाली ओढा. ई३ मध्ये आपोआप =सी३*डी३ होतं, कारण सूत्र ‘माझ्या डावीकडचे दोन सेल’ असंच लक्षात ठेवतं.

हीच सोय एका ठिकाणी गोत्यात आणते. समजा सगळ्यावर १० टक्के सूट आहे आणि एच१ मध्ये १०% लिहिलंय. ई२ मध्ये =सी२*डी२*(१-एच१) लिहिलं की १२१.५ येतं, बरोबर. पण खाली ओढल्यावर ई३ मध्ये एच२ येतं, ई४ मध्ये एच३. ते सेल रिकामे आहेत, रिकामा सेल म्हणजे शून्य, म्हणून तिथून पुढे सूटच मिळत नाही. एररही येत नाही, आकडे अगदी सरळ दिसतात. सूत्रातल्या एच१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबा, म्हणजे ते $एच$१ होईल. डॉलरचं चिन्ह पत्ता जागीच खिळवून ठेवतं. मग पुन्हा ओढा.

एकूण बेरीज तक्त्याच्या खाली लिहायची सवय सोडा, नवी नोंद करताना ती मधे येते. जे१ मध्ये =सम(ई:ई) लिहा, म्हणजे महिनाभर नोंदी वाढल्या तरी बेरीज चालू राहील. हेच सूत्र ई स्तंभातच लिहिलं तर ते स्वतःलाच मोजायला जाईल आणि सर्क्युलर रेफरन्सची तक्रार येईल. फक्त विजेचा खर्च हवा असेल तर =समइफ(बी:बी,"वीजबिल",ई:ई). इथे शुद्धलेखन जपा: एकदा ‘वीजबिल’, एकदा ‘विजबिल’, किंवा शब्दामागे चुकून पडलेली एक स्पेस, की ती नोंद बेरजेतून गळालीच.

सी स्तंभात ‘३ नग’ असं कधीच लिहू नका. तो मजकूर होतो आणि गुणाकारात #व्हॅल्यू! ही एरर येते. एकक मथळ्यात लिहा. दुसरीकडून कॉपी केलेले आकडे त्याहून घातक: दिसतात आकडे, असतात मजकूर, आणि सम त्यांना गुपचूप वगळतं. ओळखायची खूण सोपी आहे: संरेखन बदललेलं नसेल तर आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या.

दशांश लपवल्यानेही हिशेब चुकल्यासारखा वाटतो. १०.४ तीन वेळा असेल आणि दशांश दाखवायचे नसतील, तर पडद्यावर १०, १०, १० आणि बेरीज ३१ दिसते. आत ३१.२ आहे. पूर्णांकच हवा असेल तर आकडा दाखवायची पद्धत बदलून भागत नाही; =राउंड(सी२*डी२,०) लिहा. #### दिसलं तर घाबरू नका, बहुधा स्तंभ अरुंद आहे, कडेवर डबल क्लिक करा. सरासरी काढताना अ‍ॅव्हरेज रिकामा सेल सोडून देतं पण शून्य मोजतं, तेव्हा नोंद नसेल तिथे शून्य भरू नका.

महिनाअखेरीस एक्सेलमध्ये कंट्रोलसोबत १ च्या डावीकडची कळ दाबा. सगळी सूत्रं उघडी दिसतात. ई स्तंभात सूत्रांच्या रांगेत मधेच नुसता आकडा सापडला, तर घाईत कोणीतरी सूत्रावर हाताने रक्कम लिहिली आहे. वरचं सूत्र त्यावर ओढा आणि त्या ओळीचे नग आणि दर पुन्हा पडताळा.