गव्हर्नरच्या निवडणुकीचा ‘सर्व्हे’ फोनवर आला, तर या चुका टाळा

2026 हे अमेरिकेतल्या 36 राज्यांत गव्हर्नर निवडायचं वर्ष. मिशिगन, टेक्सास, कॅलिफोर्निया, जॉर्जिया, म्हणजे मराठी मंडळांची गावंही त्यात आलीच. संध्याकाळी कुकर लावलेला असतो आणि अनोळखी नंबरवरून फोन येतो: सर्व्हे आहे, पंधरा मिनिटं लागतील. सुरुवात साधीच असते. राज्य बरं चाललंय का, आज मतदान असतं तर मत कुणाला दिलं असतं? मग सूर बदलतो. “अमुक उमेदवाराने करवाढीच्या बाजूने मत दिलं होतं. हे ऐकून तुमच्या मनात किती शंका येते? खूप, थोडी, की अजिबात नाही?” असे सात-आठ आरोप आणि तेवढीच कौतुकं होतात. शेवटी पुन्हा पहिलाच प्रश्न येतो: आता मत कुणाला?

याला मेसेज टेस्टिंग म्हणतात. टीव्हीवरच्या जाहिरातींवर पैसा ओतण्याआधी कोणतं वाक्य मतदाराला हलवतं, ते पाचसहाशे जणांवर घासून बघायचं.

आरोप ऐकताच फोन आपटणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ‘हा तर पुश पोल!’ म्हणून लोक चिडतात. पुश पोल ही वेगळीच लबाडी आहे. त्यात सर्व्हेच्या नावाखाली हजारो घरांत एकच विखारी वाक्य पोहोचवतात आणि मिनिटभरात फोन ठेवतात. उत्तरं कुणी मोजतही नाही. 1994 मध्ये फ्लोरिडात गव्हर्नरपदासाठी लॉटन चाइल्स विरुद्ध जेब बुश ही लढत होती. तेव्हा शेवटच्या दिवसांत वयस्क मतदारांना फोन गेले: बुश कर चुकवतात, त्यांच्या जोडीचा उपगव्हर्नरपदाचा उमेदवार सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी पेन्शनच्या, मुळावर उठलाय. फोन करणाऱ्यांनी सांगितलेली ओळखही खोटी होती. चाइल्स सुमारे 64 हजार मतांनी जिंकले. ते फोन त्यांच्याच प्रचारयंत्रणेने केले होते, हे पुढच्या वर्षी बाहेर आलं.

फरक ओळखायची खूण सोपी आहे. दोन्ही उमेदवारांबद्दल विचारलं, आणि शेवटी वय, शिक्षण, उत्पन्नाचा गट विचारला, तर ती चाचणी आहे. उत्तरांची फोड करायची असल्याशिवाय कुणी वय विचारत नाही. एकाच उमेदवारावर चिखल उडवून फोन ठेवला, तर तो पुश पोल.

आणि फोन ठेवून नुकसान आपलंच होतं. प्यू या अमेरिकेतल्या जनमत संशोधन संस्थेच्या फोन सर्वेक्षणांना 1997 मध्ये 36 टक्के प्रतिसाद मिळायचा, 2018 मध्ये तो 6 टक्क्यांवर आला. इतके कमी लोक बोलतात, तर जे बोलतात त्यांच्या कलाने जाहिराती ठरतात. बेळगावकडचे श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत उतरले आणि तिसरे आले. उद्या असंच एखादं नाव यादीत असेल आणि त्याच्यावरचा आरोप ऐकवला, तर रागावू नका. ‘अजिबात शंका येत नाही’ हेही उत्तर आहे आणि ते नोंदलं जातं.

भिडेखातर ‘थोडं पटलं’ म्हणणं

ही खास आपली खोड. समोरचा गोड बोलतोय, कशाला नाही म्हणा! मी स्वतः एकदा सगळ्या वाक्यांना ‘थोडं पटलं’ देऊन मोकळा झालो, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की यातून कुणालाच काही कळलं नसणार. फोनवरच्या माणसाला तुमच्या उत्तराचं सुखदुःख नसतं. त्याच्याशी वाद घालण्यातही अर्थ नाही, तो समोरचा मजकूर वाचतोय. पैसे कोण देतंय हेही बहुधा त्याला ठाऊक नसतं.

ऐकलेलं वाक्य व्हॉट्सॲपवर ढकलणं

ती बातमी नसते. बहुतेक वेळा मूळ घटना खरी असते, पण वाक्य असं तासलेलं असतं की टोचावं. शिवाय निम्म्या लोकांना एक शब्दरचना ऐकवतात, निम्म्यांना दुसरी. इथे ‘ध’ चा ‘मा’ मुद्दाम करून बघतात. त्यामुळे नवरा-बायकोला वेगवेगळं ऐकू आलं, तर दोघंही खरं बोलत असतील.

आकड्यांचंही तसंच. ‘आमचा उमेदवार चार टक्क्यांनी पुढे’ असा प्रचारयंत्रणेचा स्वतःचा, अंतर्गत पोल फुटला, की तो आकडा पहिल्या प्रश्नाचा की शेवटच्या, हे आधी विचारा. आपलं कौतुक आणि विरोधकाची निंदा ऐकवून झाल्यावर घेतलेला कल हा निवडणुकीचा कल नव्हे. खऱ्या प्रचारात विरोधकही गप्प बसलेला नसतो. त्यात सहाशे जणांच्या चाचणीत चार टक्के इकडेतिकडे व्हायचेच.

बाकी किरकोळ. ग्रीन कार्डवर असाल, तर सुरुवातीलाच सांगून टाका, मतदार नसलेल्यांना ते तसेही वगळतात. जाहिरातींचे फोन नको असणाऱ्यांच्या ‘डू नॉट कॉल’ यादीत नाव घालून हे फोन थांबत नाहीत, राजकीय फोन आणि सर्वेक्षणं तिच्या कक्षेबाहेर आहेत. सोशल सिक्युरिटी नंबर, कार्डाचा नंबर किंवा देणगी मागितली, तर मात्र तो सर्व्हे नाही. तेव्हा फोन खुशाल आपटा.