पुढच्या तारखेची वेळ सर्व्हरवर कशी साठवावी

सर्व्हर यूटीसीवर (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेवर) आहे आणि त्याचं घड्याळ एनटीपीशी, म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या यंत्रणेशी, जुळलेलं आहे, असं धरून चालतो.

आधी प्रत्येक फील्डबद्दल ठरवा: ही घडून गेलेली गोष्ट आहे, घडायची आहे, की नुसती तारीख? तिन्हींना एकच टाइप लावला की घोळ ठरलेला.

घडून गेलेलं, म्हणजे लॉगिन, पेमेंट वगैरे, यूटीसीत साठवा. विषय संपला. फक्त पायथनचं ‘यूटीसीनाऊ’ टाळा. त्यातून येणाऱ्या ऑब्जेक्टवर टाइमझोन नसतो आणि त्याचा टाइमस्टॅम्प (क्षण दाखवणारा आकडा) काढताना पायथन ती वेळ स्थानिक समजतो. सर्व्हरवर काही कळत नाही, लॅपटॉपवर तास सरकतात. पायथन 3.12 पासून ते डेप्रिकेटेडच आहे, म्हणजे वापरू नका असं अधिकृतपणे सांगितलंय.

जन्मतारखेला वेळ चिकटवू नका. डेटाबेसमध्ये डेट कॉलम, जावात लोकलडेट. जावास्क्रिप्टच्या डेटला ‘2024-03-10’ दिलं की तो यूटीसीची मध्यरात्र धरतो, आणि यूटीसीच्या मागे असलेल्या देशांत 9 मार्च दिसते.

आता खरी डोकेदुखी: घडायच्या गोष्टी. ‘सगळं यूटीसीत साठवा’ हा सल्ला जो तो देतो, आणि इथे तो सपशेल चुकीचा आहे. यूटीसीत रूपांतर आजच्या नियमांनी होतं, पण नियम सरकारं बदलतात, तेही ऐन वेळी. तुर्कस्तानात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायचे आणि हिवाळ्यात मागे घ्यायचे; सप्टेंबर 2016 मध्ये त्यांनी ठरवलं की आता हिवाळ्यात ती मागे घ्यायची नाहीत. नोव्हेंबरमधली सकाळी 9 ची भेट ज्यांनी आधीच यूटीसी 7 म्हणून साठवली होती, त्यांच्याकडे ती 10 वाजता दिसू लागली. माणसाने कबूल केलेली वेळ 9 होती. यूटीसी हा आपण काढलेला हिशेब. हिशेब ठेवून मूळ आकडाच फेकून द्यायचा, याला काय म्हणावं?

म्हणून स्थानिक वेळ एका कॉलममध्ये आणि टाइमझोनचं पूर्ण नाव, उदाहरणार्थ ‘यूरोप/इस्तंबूल’, दुसऱ्या कॉलममध्ये ठेवा. ‘+02:00’ हे नाव नव्हे, तो त्या क्षणापुरता फरक आहे. त्यावरून पुढचा नियम कळत नाही. क्रम लावायला यूटीसीचा तिसरा कॉलम जरूर ठेवा, पण टाइमझोन डेटाबेस (देशोदेशीच्या वेळेच्या नियमांची यादी) अपडेट झाला की पुढच्या नोंदींसाठी तो पुन्हा मोजा. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ‘टाइमस्टॅम्प विथ टाइमझोन’ या टाइपवर विसंबू नका. नाव काहीही असो, तो टाइमझोन साठवत नाही. आलेली वेळ यूटीसीत बदलतो आणि नाव विसरतो.

स्थानिक वेळ यूटीसीत बदलताना आणखी एक खड्डा आहे. न्यूयॉर्कमध्ये 10 मार्च 2024 रोजी घड्याळं तासभर पुढे गेली, म्हणून पहाटेचे 2:30 वाजलेच नाहीत, आणि 3 नोव्हेंबरला ती मागे आली, म्हणून रात्रीचा 1:30 दोनदा वाजला. अशा वेळी लायब्ररी गुपचूप काहीतरी निवडते. तिच्यावर सोडू नका. मी नसलेली वेळ तासभर पुढे ढकलतो आणि दोनदा येणाऱ्यातली पहिली धरतो. तुमचा नियम वेगळा असला तरी चालेल, पण तो कोडमध्ये लिहिलेला हवा. ‘उद्या याच वेळी’ काढताना 24 तास मिळवू नका, स्थानिक तारखेत एक दिवस मिळवा.

वेळ बाहेर पाठवताना आयएसओ 8601, म्हणजे तारीख-वेळ लिहिण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत. किती वेळ लागला हे मोजायला मोनोटॉनिक क्लॉक, म्हणजे कधीच मागे न जाणारं घड्याळ.

टेस्टमध्ये ‘आत्ताची वेळ’ बाहेरून देता येईल असं करा, आणि न्यूयॉर्कच्या वरच्या दोन्ही तारखा घालूनच पुढे जा.