आधी टेप, मग खुर्ची: घरच्या ऑफिसच्या खरेदीत या चुका टाळा

पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम कोल्हापुरात बसून करणारे आता राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत घरोघरी भेटतात. कुणाकडे जाळीच्या पाठीची खुर्ची, कुणाकडे वर-खाली होणारं टेबल, कुणाकडे पलंगाखाली सरकवलेलं वॉकिंग पॅड (चालण्यापुरती सपाट ट्रेडमिल). पैसे चांगले मोजलेत, तरी पाठ दुखतेच. बहुतेक वेळा वस्तू वाईट नसते, मापात बसत नाही एवढंच.

स्वतःचं माप न घेता रिव्ह्यू वाचणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी भरपूर तारे मिळालेली खुर्ची मागवली. वहिनींची उंची पाच फूट. सीट पार खाली आणली तरी जमिनीपासून ४६ सेंमी आणि त्यांचं गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंतचं माप ३९. टाचा अधांतरी, सीटची कड मांडीत रुतलेली, दुपारपर्यंत पायाला मुंग्या. मग त्या सरकून कडेवर बसायच्या. ज्या लंबर सपोर्टसाठी, म्हणजे कमरेच्या आधारासाठी, जादा पैसे दिले, तो पाठीला टेकतच नव्हता.

नुसती कमी उंचीची खुर्ची घेऊनही भागत नाही. आपल्याकडची टेबलं साधारण ७५ सेंमी उंच असतात. खुर्ची खाली घेतली की कीबोर्ड छातीकडे येतो, खांदे वर चढतात आणि दुखणं कमरेतून मानेत जातं. अशा वेळी खुर्ची कोपराच्या मापाने वर ठेवायची आणि पायाखाली फूटरेस्ट घ्यायचा, नाहीतर टेबलच खाली आणायचं.

म्हणून शिवणकामाची टेप घ्या आणि तीन मापं लिहून ठेवा. घरात चप्पल घालत असाल तर ती घालून गुडघ्यामागून जमिनीपर्यंत. पाठ टेकून बसल्यावर पाठीपासून गुडघ्यामागपर्यंत (सीटची खोली यापेक्षा दोन-तीन बोटं कमी हवी). आणि बसल्यावर कोपराची जमिनीपासून उंची. मग वेबसाइटवर मापांचा तक्ता शोधा. तक्ताच नसेल, तर ती खुर्ची सोडून द्या. रिव्ह्यूत लिहिणाऱ्याने आपली उंची-वजन दिलं असेल तरच त्याला वजन द्यावं. डिलिव्हरीच्याच दिवशी लिहिलेले पाच तारे खोक्याला दिलेले असतात.

शिक्के बघून भुलणं

‘बिफ्मा’ ही अमेरिकेतल्या फर्निचर उत्पादकांची संघटना. तिच्या चाचण्या खुर्ची टिकते का, मोडते-उलटते का हे तपासतात. तुमची कंबर सुखात राहील की नाही, हे त्यातून कळत नाही. ‘क्लास ४ गॅस लिफ्ट’चंही तेच: तो सीट वर-खाली करणाऱ्या गॅस सिलिंडरच्या मजबुतीचा मामला आहे.

वॉकिंग पॅडचे घोडे

जाहिरातीत ‘२.५ एचपी’ (अश्वशक्ती) असतं. एक एचपी म्हणजे सुमारे ७४६ वॅट, म्हणजे २.५ चे झाले १,८६५. आता यंत्राखालची माहितीची पट्टी वाचा. तिथे ५००-७०० वॅट दिसले, तर वरचा आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा आहे, रोज चालण्याचा नव्हे. मंगळवार पेठेतल्या जुन्या लाकडी माडीच्या घरात पॅड ठेवणार असाल, तर खाली राहणाऱ्यांना आधी विचारा. शिवाय चालता चालता कॉल ऐकता येतो, एक्सेलमध्ये नेमक्या चौकटीवर माउस नेणं जमत नाही. सकाळी रंकाळ्याला फेरी मारणाऱ्याला हे पॅड लागतं कशाला, असं विचारून मी बऱ्याच जणांचा विरस केलाय. दर अर्ध्या तासाने उठणं मात्र त्यालाही चुकत नाही.

पावसाळा विसरणं

आपल्याकडचा जून ते सप्टेंबर पार्टिकल बोर्डला (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला) मानवत नाही. कडेची पट्टी सुटली किंवा वायरीच्या भोकातून ओल शिरली की बोर्ड फुगतो. उभं राहायचं टेबल घ्यायचंच तर शक्यतो नुसती फ्रेम घ्या आणि वरची फळी सुताराकडून आयएस ३०३ मानकाच्या बीडब्ल्यूआर (ओल सोसणाऱ्या) प्लायची करून घ्या. उभं राहण्याची हौस नसेल आणि टेबल एकट्यानेच वापरायचं असेल, तर मोटर हवी कशाला? शिवाजी उद्यमनगरात चौकोनी पाइपची फ्रेम तुमच्या कोपराच्या मापाने वेल्ड करून मिळेल.

घेतलंय, पण त्रास होतोय

आधी परत करण्याची मुदत बघा आणि तोवर खोकं रद्दीत घालू नका. कोल्हापुरात घरी येऊन दुरुस्ती होते का, हे खरं तर पैसे भरण्याआधीच पिनकोड देऊन विचारायचं.

मान दुखत असेल तर हेडरेस्ट डोकं पुढे ढकलतोय का बघा, ढकलत असेल तर काढून टाका. लॅपटॉप स्टँडवर चढवला असेल तर कीबोर्ड वेगळा हवाच. प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचं-जवळचं एकाच काचेत) असेल तर स्क्रीन थोडी खाली घ्या. पायात बधिरपणा उतरत असेल तर आणखी एक कुशन न मागवता डॉक्टरांना दाखवा.

शहाबादी फरशीच्या सांध्यात चाकं अडकत असतील, तर कडक नायलॉनऐवजी मोठी, मऊ पीयूची (पॉलियुरेथेनची) चाकं बसवा. बसल्या बसल्या खुर्ची खाली जात असेल, तर गॅस सिलिंडर गेलाय. तो वेगळा मिळतो, अख्खी खुर्ची बदलायची गरज नाही. फक्त ‘एक टाका मारून द्या’ म्हणत तो वेल्डरकडे नेऊ नका, त्यात दाबाखालचा नायट्रोजन असतो.